पाईक आणि पहिला ‘नको’

यंदा न्यू जर्सीत थंडी पडायलाच तयार नव्हती, आणि बाबांचं तिकीट तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचं काढून झालं होतं. जाण्याचंच फक्त, येण्याचं नाही. ते भंडाऱ्याला परत जाऊन एकटे राहणार होते आणि मला ते जायला नको होते. गोष्ट एवढीच होती. पण अख्खा डिसेंबर आणि अर्धा जानेवारी मी घरात सगळ्यांशी बोलत होते ती फक्त बर्फाबद्दल.

बर्फाचं खूळ डोक्यात घातलं ते समोरच्या टाउनहाउसमधल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी. गोरे, उंच, बायको जाऊन काही वर्षं झालेली. बाबा आमच्याकडे पार्सिपनीला राहायला आले तेव्हा आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. हे दोघे संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या मारता मारता एकमेकांना सापडले. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यांचं इंग्रजी अगदी व्याकरणशुद्ध, पण पाठ्यपुस्तकातलं. शेजारी अर्धे शब्द गिळून बोलायचे. तरी दोघांचं मासेमारीवर एकमत झालं. बाबा भंडाऱ्याला दर रविवारी गावाबाहेरच्या तलावावर गळ टाकून बसायचे. आई म्हणायची, ह्यांचं लग्न माझ्याशी नाही, त्या तलावाशी झालंय. शेजारी रूट फॉर्टी सिक्सने अर्ध्या तासावर असलेल्या एका तळ्यावर जायचे, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून खालचा पाइक धरायचे.

बाबांना तो शब्दच फार आवडला.

“पाईक म्हणजे शिपाई,” ते मला म्हणाले. “पण हा कोणाचा शिपाई आहे?”

“मासा आहे बाबा. लांबट असतो. दात असतात त्याला.”

“दात आहेत म्हणजे शिपाईच,” बाबा म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याला पाईकच म्हणतात.

शेजाऱ्यांनी त्यांना शब्द दिला होता की तळ्यावर बर्फ धरला की तुम्हाला घेऊन जाणार. आणि बर्फ धरत नव्हता. एक दिवस गारठा, दोन दिवस पाऊस, मग पुन्हा स्वेटर काढून ठेवावा असं ऊन. टाउनहाउसच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं एक डबकं आहे. बाबा रोज सकाळी कानटोपी घालून तिथे जायचे, काठीने कडेचा बर्फ ठोकून बघायचे आणि परत येऊन सांगायचे, “पापड आहे नुसता.” माझ्या फोनवर हवामानाची तीन अॅप होती. तिन्हींत जे सगळ्यात जास्त थंडी सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी दहा दिवसांचं तापमान बघत बसायचे. नवरा एकदा वैतागून म्हणाला, “तू बर्फाच्या मागे काय लागली आहेस? बाबा चालले आहेत, त्याचं बोल ना.”

त्याचं काय बोलायचं होतं? बोलून झालं होतं, असंच मी समजत होते.

ते बोलणं ऑक्टोबरच्या शेवटी जेवणाच्या टेबलावर झालं. आम्ही चौघं होतो. मी, नवरा, बाबा आणि माझी अकरावीतली मुलगी. बाबांनी वरणभात कालवता कालवता सांगितलं, “मी म्हणतो, फेब्रुवारीत जातो आता घरी.”

 आदल्या वर्षी तिकडे ते न्यूमोनियाने पडले होते आणि शेजारणीने दार ठोकलं नसतं तर काय झालं असतं याचा मी विचारही करत नाही. त्यानंतरच तर मी त्यांना इकडे आणलं. ग्रीन कार्ड झालं होतं. त्यांच्या राहण्याला कुणाचीच हरकत नव्हती, एक त्यांची सोडून.

“बाबा, इथेच राहा ना,” मी म्हणाले. “तिकडे कोण आहे आता?”

“नको,” बाबा म्हणाले आणि घास घेतला.

मी पुढे काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, “ही सेड नो, मॉम. यू हॅव टू रिस्पेक्ट दॅट.”

आता मी ऑफिसात टीम सांभाळते. माणसांच्या मर्जीचा मान राखावा, नाही म्हटलं की नाही समजावं, हे मीच दुसऱ्यांना सांगत असते. तेव्हा मी स्वतःला आवरलं आणि फार समजूतदार आवाजात म्हणाले, “ओके बाबा. तुमची इच्छा.” जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडून तिकीटही काढून टाकलं. कडेची सीट, मधला थांबा फार लांब नाही, फार लहानही नाही. माझं काम चोख असतं. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन जवळून पाहिला.

“लवकर झालं काम,” ते म्हणाले.

मला ती शाबासकी वाटली.

पण त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. कपाटं आवरून झाली. आवरलेली पुन्हा आवरून झाली. फ्रिजमधल्या डब्यांना तारखा लावल्या. मुलीने ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून मी असा आरडाओरडा केला की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवऱ्यावर डाफरायला तर मला निमित्तही लागत नव्हतं. कुठेतरी काहीतरी राहिलं होतं, गॅस चालू राहिल्यासारखं, आणि मी घरभर फिरून शोधत होते. बाबा शांत होते. त्यांचा तो शांतपणा मला सहन होत नव्हता. जेवायला हाक मारली की यायचे, ताट स्वतः विसळायचे, एकदा तर आपल्या चादरीची घडी करून मला विचारलं, “ही कुठे ठेवायची तुमच्याकडे?” तुमच्याकडे! वर्षभर ते ‘आपल्याकडे’ म्हणत होते. मी चादर घेतली आणि वॉशिंग मशीनमध्ये अशी कोंबली की मशीनच हलायला लागलं.

शेवटी मी ठरवलं की निदान बाबांना तो पाईक तरी मिळाला पाहिजे. माझ्या हातात तेवढंच होतं असं मला वाटत होतं, आणि तेही हातात नव्हतं.

जानेवारी संपत आला तेव्हा एकदाची थंडी आली, आणि आली ती दात ओठ खाऊनच आली. सलग आठवडाभर पारा वर चढलाच नाही. डबक्यावरून बाबा आले आणि म्हणाले, “पापड गेला. आता भाकर झाली.” शनिवारी सकाळी शेजाऱ्यांनी दार वाजवलं. तळ्यावर लोक जायला लागले होते. मी गाडी चालवायला म्हणून बरोबर निघाले. खरं तर शेजाऱ्यांचा ट्रक होताच, पण बाबांना बर्फावर एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. मुलगी म्हणाली, “मॉम, यू विल बी सो बोअर्ड.” तिला आपली आई माहीत आहे.

तळं पांढरं, सपाट, आणि वर ठिकठिकाणी माणसं बसलेली. शेजाऱ्यांनी आमच्या बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधल्या आणि गळ्यात दोन टोकदार दांड्यांची दोरी अडकवली. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर हे टोक बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. त्यात बर्फ आवाज करतो. खालून लांबवर काहीतरी फाटल्यासारखा आवाज येतो आणि पायांखालून निघून जातो. मी जागच्या जागी थिजले. शेजारी म्हणाले, आवाज येतोय म्हणजे चांगलं आहे, बर्फ घट्ट होतोय. माझा विश्वास बसला नाही. बाबा मात्र हात मागे बांधून, शेताच्या धुऱ्यावरून चालतात तसे, पुढे निघून गेले होते.

शेजाऱ्यांनी बर्फाला भोक पाडायचं यंत्र काढलं. हाताने फिरवायचा मोठा स्क्रूच तो.

“हे तर गिरमिट!” बाबा ओरडले. “सुताराचं गिरमिट!”

मग पाच भोकं पाडून झाल्यावर आतला बर्फाचा चुरा काढायला शेजाऱ्यांनी जे काढलं ते बघून तर बाबांनी टाळीच वाजवली. लांब दांड्याचा झारा. बुंदी पाडायच्या झाऱ्यात आणि त्यात काडीचा फरक नव्हता. बाबांनी तो मागून घेतला आणि पाचही भोकं स्वतः साफ केली.

प्रत्येक भोकावर शेजाऱ्यांनी लाकडाची एक फुली आडवी ठेवली. फुलीच्या खाली पाण्यात दोऱ्याचं रीळ, दोऱ्याच्या टोकाला पोलादी तार, कारण पाईक साधा दोरा दातांनी तोडतो, आणि तारेच्या गळाला लावलेली जिवंत, चांदीसारखी छोटी मासळी. वर एक लवचिक पट्टी वाकवून अडकवलेली आणि तिला नारिंगी झेंडा. खाली मासा गळाला लागला की पट्टी सुटते आणि झेंडा उभा राहतो. मग धावायचं.

“आणि तोपर्यंत?” मी विचारलं.

“तोपर्यंत बसायचं,” शेजारी म्हणाले आणि एक बादली उलटी करून त्यांनी मला दिली.

बसणं हे माझ्या स्वभावात नाही. मी बसले, उठले, सगळ्या भोकांवरून एक चक्कर मारली, भोकावर धरलेली बर्फाची नवी साय झाऱ्याने काढली, परत येऊन बसले. फोन बघायला हातमोजे काढले तर बोटं बधिर. हातमोजे घातले तर फोनला स्पर्श कळेना. पुन्हा उठले. शेजारी हसून म्हणाले, तुझ्या पावलांनी मासे कनेक्टिकटला पोचतील. बाबा बादलीवर स्वस्थ बसून झेंड्यांकडे बघत होते. पाच दिवसांनी हा माणूस विमानात बसणार आणि मी इथे झेंडे बघतेय, या विचाराने मी आणखी एक चक्कर मारून आले.

मग शेजाऱ्यांनी थर्मास काढला. कॉफीची वाफ निघाली. त्यांनी पहिला कप मला दिला. मी घेतला. दुसरा कप भरायच्या आधी त्यांनी बाबांना विचारलं, “कॉफी?”

“नो, नो, थँक यू,” बाबा म्हणाले.

शेजाऱ्यांनी मान डोलावली, स्वतःचा कप भरला आणि थर्मासचं झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवून दिला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी दोन्ही हात बगलेत घातले आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसले. थोड्या वेळाने उठून सगळ्यात लांबच्या भोकापाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले.

“बाबा, कॉफी हवी होती का तुम्हाला?”

“नाही.”

“मग रागावलात कशाला?”

“रागावलो नाही. थंडी आहे.”

“अहो मग घ्यायची होती ना! त्यांनी विचारलं होतं.”

“एकदा विचारलं,” बाबा म्हणाले. “एकदा विचारलं अन् झाकण लावून टाकलं.”

“मग एकदाच हो म्हणायचं!”

“पहिल्याच बोलावण्याले हो म्हणते का कोणी? मी का हावरट आहे?” आणि ते पुन्हा काठाकडे बघायला लागले.

मला हसूही आलं आणि चीडही आली. मी तरातरा परत गेले आणि शेजाऱ्यांना म्हणाले, वडिलांना कॉफी हवी आहे. ते बिचारे गोंधळले. “पण ते नाही म्हणाले.”

“तो पहिला नाही होता,” मी म्हणाले.

“एकंदर किती असतात?”

“तीन. साधारण तीन. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की माणूस नकोच म्हणतो. ती रीत आहे. दुसऱ्यांदा विचारलं की नको नको म्हणतो. जेवायला बसला तर ताटावर आडवा हात धरतो. तरी वाढायचं. त्याला आग्रह म्हणतात. आग्रह केलाच नाही तर पाहुण्याला वाटतं, आपण इथे असलेलं यांना नको आहे.”

शेजाऱ्यांनी यावर बराच विचार केला. तसा माणूस गंभीर. “पण समजा त्याला खरंच नको असेल,” ते म्हणाले, “तर ते कसं कळणार?”

“पुन्हा पुन्हा विचारल्याशिवाय नाहीच कळणार,” मी म्हणाले.

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

मी बाबांना एकदाच विचारलं होतं. एकदाच, वरणभात खाताना, आणि त्यांनी रीतीप्रमाणे पहिला ‘नको’ म्हटल्याबरोबर मी झाकण लावून टाकलं होतं. वर त्याच दिवशी तिकीट काढून त्यांना दाखवलं होतं, कडेची सीट मिळाली म्हणून खूश होऊन. नवरा माझा पुण्याचा. त्यांच्याकडे एकदा विचारलं तरी तो आग्रह झाला, असं मी त्याला इतकी वर्षं चिडवत आले. आणि माझी आई, जी पोस्टमनला पाणी दिल्यावरसुद्धा ‘अजून एक घोट’ म्हणायची, तिची मी मुलगी. मला थंडी वाजायची थांबली. कानशिलं गरम झाली.

शेजारी उठले. थर्मास घेऊन बाबांकडे गेले. मी लांबून बघत होते. त्यांनी विचारलं. बाबांनी मान हलवली. त्यांनी हातमोज्यातलं एक बोट मुडपून पुन्हा विचारलं. बाबांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. त्यांनी दुसरं बोट मुडपलं आणि माझ्याकडे बघत, मोठ्याने, तिसऱ्यांदा विचारलं. बाबा म्हणाले, “वेल, इफ यू इन्सिस्ट,” आणि दोन्ही हातांनी कप घेतला. चेहरा असा खुलला की काय सांगू. शेजाऱ्यांनी मला अंगठा दाखवला.

मला आता क्षणाचाही धीर नव्हता. मी बाबांकडे धावतच गेले, म्हणजे त्या खिळ्यांच्या पट्ट्यांवर जितकं धावता येतं तितकं.

“बाबा, मला तुम्हाला काहीतरी...”

“झेंडा!” बाबा ओरडले.

मधल्या भोकावरचा झेंडा थरथरत उभा होता. कॉफी बर्फावर सांडली. आम्ही तिघंही धावलो, बाबा सगळ्यात मागे आणि सगळ्यात जास्त ओरडत. शेजाऱ्यांनी फुली अलगद वर उचलली. रीळ गरगर फिरत होतं. त्यांनी दोरा बाबांच्या हातात दिला. बाबांनी हातमोजे काढून फेकले, गुडघ्यांवर बसले आणि एक झटका दिला.

“लागला,” ते म्हणाले, अगदी हळू.

यात काठी नाही, चाक नाही. उघड्या बोटांतला दोरा आणि पलीकडे मासा. बाबा ओढत होते, थांबत होते, दोरा बोटांतून सुटू देत होते. एकदा भोकाच्या तोंडाशी हिरवट काहीतरी चमकलं आणि उजेड बघून परत खाली गेलं. मला राहवेना. “ओढा ना बाबा, ओढा!” मी ओरडले आणि दोऱ्याला हात घातला.

“सोड! सोड तू!” बाबांनी माझा हात झटकला. “जाऊ दे त्याले. ओढशील तर तुटन. दम नाही का तुले जरा?”

नव्हताच. मी बर्फावर नुसती उभी राहून नाचत होते. मग शेवटी भोकात त्याचं डोकं आलं, बदकाच्या चोचीसारखं चपटं, आणि शेजाऱ्यांनी कल्ल्याखाली बोटं घालून त्याला वर काढलं. बर्फावर तो एकदा उसळला आणि सबंध लांब पडला. हिरवा, अंगभर फिके ठिपके, तोंडभर दात. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“आपल्या मरळीचा मामेभाऊ दिसतो,” ते म्हणाले. मरळ म्हणजे आमच्या तलावातला तसाच लांबट, दबा धरून बसणारा मासा. मग ते शेजाऱ्यांना मरळीबद्दल सांगायला लागले, भराभरा, निव्वळ मराठीत. शेजारीही इंग्रजीतून आपल्या जुन्या पाईकांच्या गोष्टी सांगायला लागले. दोघेही एकाच वेळी बोलत होते आणि दोघांनाही काही अडत नव्हतं.

शेजारी पाईक बहुतेकदा सोडून देतात. फार काटे, म्हणाले. बाबांना हे पटेना. “काटे आहेत म्हणून मासा सोडते का कोणी?” त्यांनी मला भाषांतर करायला लावलं. शेजारी हसले आणि म्हणाले, मग हा तुमचा. मी त्यांना रात्री जेवायला बोलावलं. ते नाही म्हणाले. त्यांना मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण त्यांचा नाही म्हणजे नाहीच असतो.

घरी येताना मी गाडीत विचारणार होते, पण बाबा बसल्या बसल्या झोपले. संध्याकाळी ते गॅरेजमध्ये मासा साफ करत बसले. पाईकाच्या अंगाला फार चिकट असतं. भंडाऱ्याला राख लावली असती, इथे मीठ आणि मक्याचं पीठ चोळलं. त्यांनी तुकडे केले, मी खोबरं, कांदा, खसखस भाजून वाटलं, चिंचेचा कोळ काढला आणि रस्सा केला. वाटण दोनदा लागलं खाली. माझं लक्ष नव्हतं. मनात सारखं येत होतं, आता विचारावं, आता विचारावं, आणि त्याच्या मागोमाग, आता विचारून काय उपयोग, तिकीट तर काढलेलं आहे. तिकीट काय, कॅन्सल करता येतं. पण बाबांच्या मनात तीन महिने काय बसलंय ते कसं कॅन्सल करायचं?

जेवायला आम्ही चौघंच. काट्याचा मासा खाताना सगळे गप्प असतात. भातातून बोटांनी काटा शोधायचा, बाजूला काढायचा, मग घास. मुलगी तर एकेक काटा दिव्यासमोर धरून बघत होती. मी दोन घास खाल्ले आणि म्हणाले,

“बाबा, जाऊ नका.”

बाबांनी वर पाहिलं. नवऱ्याचा हात थांबला.

“इथेच राहा,” मी म्हणाले. “आमच्याकडे.”

“नको,” बाबा म्हणाले आणि काटा काढला.

“नको काय? राहा. तिकडे तुम्ही आजारी पडलात तर मला कळणारसुद्धा नाही. इथे तुमची खोली आहे. पार्किंग लॉट आहे, तो मित्र आहे तुमचा. तळं आहे.”

“नको गं बाई. झालं ना आता ठरून.”

“मॉम,” मुलगी हळूच म्हणाली, “यू आर प्रेशरिंग हिम.”

“थांब तू,” बाबा तिला म्हणाले. “विचारू दे तिले.”

मुलगी पुन्हा काट्यांकडे वळली.  माझा आवाज फारच मोठा निघाला. “मला करमणार नाही बाबा तुमच्याशिवाय. आई नाही, आता तुम्हीही नाही. मला तुम्ही इथे हवे आहात. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता तिकीट कॅन्सल करते. नका ना जाऊ.”

 बाबांनी पानातल्या काट्यांची एका बाजूला ओळ लावली. मग म्हणाले, “नाही.”

तिसऱ्यांदा ते ‘नको’ म्हणाले नाहीत. ‘नाही’ म्हणाले. इतकी वर्षं मराठी बोलते मी, पण ह्या दोन शब्दांत एवढं अंतर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“नाही पोरी. मी जातो. तिकडे माझं घर आहे, माझी माणसं आहेत. इथे सगळं चांगलं आहे, पण मी इथला नाही. पडीन, मरीन, जे होईन ते तिकडे होईन.” मग ते हसले. “पण आता मले नीट ‘नाही’ म्हणता आलं. तवा कुठे विचारलं होतं तू? एकदा बोलली अन् लगेच तिकीट दाखवलं. मी म्हटलं, पोरीले घाई दिसते.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं ना!” मी रडत रडत त्यांच्यावर ओरडले. “तीन महिने तोंड शिवून बसलात!”

“अजून एकदा विचार मले, असं कोणी सांगते का?” बाबा म्हणाले. “अन् मी तिकडे लोकांले काय सांगितलं असतं? उतरल्या उतरल्या विचारतीन, काऊन गुरुजी, पोरीनं ठेवून नाही घेतलं का? आता सांगीन, पोरगी सोडतच नव्हती.”

“नाहीच सोडत आहे,” मी म्हणाले.

“हो, तेच. म्हणत राहा.” आणि त्यांनी रश्शासाठी वाटी पुढे केली.

मी म्हणत राहिले. रोज सकाळी चहा देताना, बॅगा भरताना, बॅगांचं वजन करताना. बाबा रोज नाही म्हणायचे आणि चहा दोनदा मागायचे. माझी ती घरभर फिरायची चुळबुळ गेली असं नाही. ती आजही आहे. पण तेव्हा निदान ती कशाची आहे ते मला माहीत होतं. जायच्या आदल्या दिवशी शेजारी निरोप घ्यायला आले आणि दारात उभं राहून त्यांनीही बाबांना तीनदा राहायला सांगितलं, बोटं मोजून.

नेवार्कच्या विमानतळावर बाबांसाठी व्हीलचेअर घेतली होती. ती ढकलायला एक मध्यमवयीन बाई होती. सिक्युरिटीच्या रांगेच्या तोंडाशी मला थांबावं लागलं. मी वाकून बाबांच्या पाया पडले आणि म्हणाले, “बाबा, नका जाऊ.” मी रडत होते. त्या बाईने खुर्ची थांबवली. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, सर, तुम्हाला जायचं नाही का? आपण थांबू या का?

“नो, नो,” बाबा तिला म्हणाले. “प्लीज गो. शी इज ओन्ली आस्किंग.”

खुर्ची पुढे निघाली. मी पुन्हा ओरडले, “नका जाऊ बाबा!” रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. बाबांनी मागे न बघता हात वर केला आणि नाही म्हणून हलवला, आणि मी त्यांना जितकी ओळखते त्यावरून सांगते, ते खूश होते.